सांधा मातीच्या वर

आमच्या घरात हुशारी माझ्याकडून आली आणि हट्टही माझ्याकडूनच. त्यामुळे नातीने शहरातल्या दुकानातली नोकरी नाकारून रोपवाटिका काढली, तेव्हा मी तिला कोणत्या तोंडाने अडवणार? अडवायला तिचा बाप होता. माझा मुलगा सरळ माणूस. दोनदा विचार करतो आणि दोन्ही वेळा घाबरतो. त्याने सांगून टाकलं, हा एक हंगाम देतो. रोपं चालली तर ठीक, नाहीतर गुपचूप शहराची गाडी धरायची.

रोपंही साधी नव्हती, कलमं होती. खाली रानवांग्याचं मूळ, वर टोमॅटोचा शेंडा, मधे सांधा आणि सांध्याला इवलासा चिमटा. हल्ली पाऊस वेळकाळ बघत नाही, आला की शेताचं तळं करून जातो. टोमॅटोचं मूळ अशा पाण्यात लगेच कुजतं. रानवांगं मात्र माझ्यासारखं, गुडघाभर चिखलातही ताठ. मी म्हटलं, म्हणजे सासरचं मूळ नि माहेरचा शेंडा. नात म्हणाली, हो आजी, पहिला आठवडा निभावला की संसार टिकतो. लग्नाचा पत्ता नाही, पण बोलणं बघा.

चिमटे लावायला हात हवे होते. पुलाच्या कठड्यावर चार पोरं दिवसभर बसलेली असायची. शिकलेली, नोकरीची वाट बघून बघून कठडा गुळगुळीत केलेली. मी जाऊन विचारलं, हा पडेल म्हणून धरून बसलात का? त्यातला ‘वायर’, म्हणजे गावाचे मोबाइल दुरुस्त करणारा, लाजून उठला आणि बाकीचे त्याच्यामागे आले. शिवणकाम करणाऱ्या दोघी मुलीही आल्या. वायरचा हात इतका हलका की पात्याने तिरका काप दिला तरी रोपाला कळू नये.

पहिलं गिऱ्हाईक घरातलंच, माझे धाकटे दीर. हा पोरखेळ आहे असं चारचौघांत सांगून झाल्यावर त्यांनीच अख्ख्या वावराची रोपं घेतली. त्यांचं वावर रस्त्याला लागून. तिथे जे उभं राहील तेच पुढच्या हंगामात सगळे लावतात, आणि जे झोपेल त्याचं नावही कोणी काढत नाही. नातीने रोपं देताना पुन्हा पुन्हा बजावलं, सांधा मातीच्या वर राहू द्या. भाऊजींनी बातम्यांना डोलवतात तशी मान डोलावली.

महिनाभराने मोठ्या पावसाचा इशारा आला. नात वावर बघायला गेली ती पांढरीफटक होऊन परतली. भाऊजींनी प्रत्येक रोपाला गळ्यापर्यंत मातीची भर लावली होती. सांधे गाडले गेले आणि वरच्या टोमॅटोने मातीत स्वतःची मुळं सोडली. म्हणजे पाणी साचलं की ती मुळं सडणार, त्यांच्या मागून झाड जाणार, आणि भर रस्त्यावर नाव जाणार ते नातीचं. उपाय एकच, पावसाआधी माती ओढून सांधे उघडे करायचे आणि वरची मुळं कापून टाकायची.

पोरं खुरपी घेऊन पोचलीसुद्धा. पण भाऊजी बांधावर आडवे. कालची पोरं मला टोमॅटो शिकवणार का, म्हणाले. नातीने विनवलं, तरी हलेनात. इकडे माझा मुलगा शहराच्या गाडीची वेळ विचारायला निघाला. मी पायात चपला सरकवल्या.

“भाऊजी, टोमॅटोला भर लावायला तुम्हाला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच की, वहिनी. मी चड्डीत होतो तेव्हा.”

“मग पीक कसं आलं?”

“उत्तम. म्हणून तर लावली.”

माझा शब्द म्हणजे घरात कायदा. तो मी आजवर मागे घेतलेला नाही, आणि माझ्या मागे उभी होती रोज माझी बोलणी खाणारी सगळी पोरं.

“ती भर साध्या टोमॅटोची,” मी म्हटलं. “या रोपाला ती फास आहे. मला हे ठाऊक नव्हतं, हिला ठाऊक आहे. माती काढू द्या.”

 भाऊजींनी विचारलं, ताप आहे का?

“वहिनी, हे लिहून द्याल?”

“लिहायला मला वेळ लागतो. तेवढा पाऊस थांबायचा नाही. सरका.”

सरकले. नुसते सरकले नाहीत, खुरपं घेऊन खाली बसले. जाऊबाई आल्या, माझा मुलगाही अर्ध्या वाटेतून परतला. शिवणाऱ्या मुली भराभर पुढे गेल्या आणि वायरला म्हणाल्या, तुझी बॅटरी उतरली का? शेवटच्या ओळीवर आभाळ फुटलं. चिखलात घसरत, एकमेकांना हसत पोरांनी तीही उरकली. मी बांधावरून ओरडत होते, पण ऐकतंय कोण.

पाणी चांगलं दोन-तीन दिवस तुंबलं. ओसरलं तेव्हा रस्त्यापलीकडच्या टोमॅटोंनी माना टाकल्या होत्या आणि भाऊजींचे पोपटासारखे हिरवे उभे होते. कोपऱ्यातली थोडी रोपं आमच्या हातून सुटली होती, तेवढीच झोपली. भाऊजी ती उपटायला निघाले, तर नातीने अडवलं. राहू द्या म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याला सांधा गाडला की काय होतं ते दाखवता येईल. तेव्हा मला पटलं, ही धंदा करणार.

आता ती नुसती रोपं विकतच नाही. तिची अट आहे, आमची माणसं येऊन लावतील, महिनाभर फेरी मारून बघतील, कबूल असेल तर घ्या. गिऱ्हाइकं कबूल आहेत, पोरं कमी पडतायत. पुलाच्या कठड्यावर हल्ली कावळे बसतात. मुलगा रोपांचे ट्रे उचलतो आणि ‘आमचा धंदा’ म्हणतो. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करते.

फेरीला मी वायरच्या गाडीवर मागे बसून जाते. परवा एका शेतकऱ्याने नातीला विचारलं, या आजी कशाला?

“रोपांबरोबर येतात,” ती म्हणाली. “वेगळे पैसे नाहीत.”

तो हसला. मी तोवर त्याच्या तिसऱ्या ओळीत पोचले होते. तिथे भर लावलेली होती.