टाकीवरचे दोन पोचे

आर्लिस हॉगनचं पत्र मला गेल्या वर्षी फेब्रुवारीत आलं, आणि चौदा महिने मी त्याला उत्तर दिलं नाही. सदतीस वर्षं मी काउंटीच्या वाचनालयात नोकरी केली. पुस्तकं वेळेवर परत न करणाऱ्यांना सभ्य शब्दांत स्मरणपत्रं पाठवणं हे माझं काम. अशा माणसाने एका विधवेचं पत्र आधी खणात, मग शब्दकोशात आणि मग शब्दकोशाच्या मागे ठेवावं, हे शोभत नाही. पण मला काय शोभतं याबद्दल माझी मतं कधीच फारशी पक्की नव्हती.

पत्र लहानसं होतं.

"प्रिय लोवेल, व्हर्लिनला जाऊन पाच महिने झाले. त्याची मोटारसायकल गॅरेजमध्ये चादरीखाली उभी आहे. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, ती लोवेलला दे. गारांच्या वर्षी तो एकटा इथून ब्लॅक हिल्सपर्यंत चालवत गेला आणि त्याने कधी बढाई मारली नाही. बाकी सगळे ट्रेलरवाले. ट्रेलरवाल्याला देऊ नकोस. तर, घेशील का? हो की नाही एवढंच कळव. घाई नाही. आर्लिस."

उत्तर का देता येत नाही, हे मला पत्र वाचून संपायच्या आत कळलं होतं. गारांच्या वर्षी मी ट्रेलरवरून गेलो होतो.

हा गुन्हा किती मोठा, हे आमच्या लोकांत राहिल्याशिवाय कळायचं नाही. दर ऑगस्टमध्ये ब्लॅक हिल्समध्ये मोटारसायकलवाल्यांचा मेळावा भरतो. आमच्या आयोवातल्या गावापासून ते सहाशे मैल. चालवत जायचं, तर उन्हात, वाऱ्यात, तोंडावर किडे झेलत जायचं. पण पाहाल तर निम्मे वीर आपली क्रूझर, म्हणजे लांबलचक, जड मोटारसायकल, ट्रेलरवर दोराने आवळतात आणि पिकअपच्या थंडगार केबिनमध्ये बसून निघतात. वीस-पंचवीस मैल उरले की एखाद्या पेट्रोल पंपामागे ती उतरवतात, कातडी जाकीट चढवतात आणि जणू समुद्रापासून निघालोत अशा चेहऱ्याने गावात शिरतात. एकाने तर बाटलीतल्या चिखलाचे शिंतोडे मडगार्डवर उडवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. व्हर्लिन अशांकडे पाहायचाही नाही. त्यांनी रस्त्यात हात केला, तर तो आरसा नीट करायचा.

मुळात क्रूझर बाळगणं हाच शहाण्याचा उद्योग नव्हे. साडेतीनशे किलो लोखंड, आणि मागे घ्यायची सोय नाही. उताराकडे तोंड करून लावली की साठीतले पुरुष तान्ह्या बदकांसारखे तुरूतुरू पाय मारत ती मागे ढकलतात, चेहरा मात्र सेनापतीचा. सिग्नलला थांबलं की मांड्या भाजतात. तासाभरात बोटं बधिर. दर वसंतात बॅटरी मेलेली. एक तास चालवायची आणि तीन तास क्रोम पुसत बसायचं. आणि तोंडी काय, तर स्वातंत्र्य! चाळीस स्वतंत्र माणसं, चाळीस एकसारखी काळी जाकिटं, आणि चाळिसांनाही सहापर्यंत घरी यायला बायकोने सांगितलेलं.

हे सगळं मला दिसत होतं आणि तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एक घेतली. दोष व्हर्लिनचा. तो धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करायचा. वाचनालयातून नेलेलं इंजिनदुरुस्तीचं पुस्तक त्याने सात महिने ठेवून घेतलं. माझं तिसरं स्मरणपत्र गेल्यावर तो ते द्यायला आला. प्रत्येक पानावर तेलाचे ठसे.

"अहो, हे काय केलंत?" मी म्हणालो.

"वापरलं," तो म्हणाला. "तुमच्याकडची बाकीची पुस्तकं कोरी दिसतात. त्यांचं काय चुकलं?"

मला हसू आलं. त्याने मला बाहेर नेऊन मागच्या सीटवर बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी स्वतःची गाडी होती आणि आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो.

आणि खरं सांगायचं तर, सुख होतं. दोन्ही बाजूंना मका, सरळ रस्ता, खाली इंजिनाचे संथ, जड ठोके. समोरून येणारा अनोळखी स्वार डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतो. आयुष्यभर मला लोकांच्या नजरेला नजर देता आली नाही, पण मीही हात खाली सोडायचो. इतकंच संभाषण मला झेपतं. व्हर्लिन पुढे, मी मागे, असे आम्ही तीन वेळा ब्लॅक हिल्सला जाऊन आलो.

चौथ्या वर्षी, निघायच्या तीन दिवस आधी, व्हर्लिनचा घोटा मोडला. तापलेल्या डांबरावर स्टँडखाली चेपलेला डबा ठेवा, नाहीतर स्टँड रुततो, हे तो सगळ्यांना बजावायचा. स्वतः विसरला. गाडी कलायला लागली, तेव्हा त्याने बाजूला व्हायचं सोडून पेट्रोलच्या टाकीवर ओरखडा पडू नये म्हणून तिच्याखाली पाय घातला. आमच्यातला कोणीही हेच करतो.

"हाड जुळून येतं," इस्पितळात तो मला म्हणाला. "रंग जुळत नाही. तू जा. दोघांच्या वतीने जा."

"एकटा? मला नाही जमायचं, व्हर्लिन."

"अरे, मागून तरी काय करत होतास? एकटाच चालवत होतास ना? पुढे माझी पाठ होती, एवढंच."

मी निघालो. दीडशे मैल ठीक गेले. मग दक्षिण मिनेसोटात आकाश हिरवं झालं आणि गारा आल्या. हेल्मेटवर कोणी खिळे ठोकावेत तसा आवाज. मी एका पुलाखाली थांबलो. दोन गारा टाकीवर बसल्या होत्या, दोन पोचे पडले होते. पाऊस थांबला, ऊन पडलं, रस्ता वाळला, तरी मी तिथेच. पुढे कोणाची पाठ नव्हती.

तासाभराने डॉक्टर प्रूइटची पिकअप येऊन थांबली. प्रूइट आमच्या गावचा दातांचा डॉक्टर. ट्रेलरवर दोन गाड्यांची जागा, त्याची एकच. त्याने काच खाली केली. आतून थंड हवा आणि पॉपकॉर्नचा वास आला.

"चढव," तो म्हणाला.

मी चढवली. सव्वाचारशे मैल मी त्याचे पॉपकॉर्न खाल्ले आणि त्याच्या रुग्णांच्या दाढांच्या कहाण्या ऐकल्या. पंचवीस मैल उरले तेव्हा पेट्रोल पंपामागे गाडी उतरवली आणि चालवत आत गेलो. पार्किंगमध्ये एकाने टाकीवरचे पोचे पाहिले आणि विचारलं, "बाप रे, त्या गारांतून चालवत आलास?"

मी मान हलवली. एवढंच. खोटा शब्द एकही बोललो नाही, असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगितलं आहे.

परतीचा प्रवास मात्र मी चालवतच केला. गावात पोचलो तेव्हा व्हर्लिन कुबड्यांवर उभा होता. त्याने दोन्ही पोच्यांवरून बोट फिरवलं आणि काही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. असं मला वाटतं. तो हिवाळाभर ट्वायलाच्या हॉटेलात माझी गोष्ट सांगत राहिला. गारा आधी अक्रोडाएवढ्या होत्या, नाताळपर्यंत अंड्याएवढ्या झाल्या. मी शेजारी बसून कॉफी ढवळायचो. जन्मभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला दंतकथा कशी वाढते ते कळतं. मी तिला खतपाणी घातलं नाही, फक्त उपटली नाही. आठ वर्षं. माझ्या गाडीचं तेल तोच बदलायचा, मीटरवरचा मैलांचा आकडाही तोच पाहायचा. त्याने बेरीज केली असेल का, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

यंदा एप्रिलच्या पहिल्या रविवारी नेहमीप्रमाणे सगळे हिवाळ्यानंतर गाड्या बाहेर काढून ट्वायलाकडे जमले. बाहेर इतकं क्रोम चकाकत होतं की भांड्यांचं दुकान वाटावं. आत पोटं टेबलांना टेकवून वीर पॅनकेक खात होते. मी कोपऱ्यात बसलो. प्रूइट ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. नवीन जाकीट, बाह्यांना झालरी.

"काय रे, गारांच्या राजा?" तो म्हणाला.

"डॉक्टर, हळू बोला."

"हळूच बोलतोय. माझ्या धंद्यात लोकांच्या तोंडातलं बाहेर काढायचं नसतं." तो स्वतःच हसला. "आर्लिसने घर विकलं. मुलीकडे चालली ओमाहाला. व्हर्लिनची गाडी मी मागतोय हे तुला माहीत आहे."

"काय करणार तिचं?"

"दवाखान्यात ठेवणार. बसायच्या खोलीत, काचेमागे. खाली दिवे."

"चालवणार नाही?"

"माझी पाठ बघितलीस का? दहा मैलांत आडवा होतो मी. ती म्हणाली, शुक्रवारच्या टपालापर्यंत लोवेलचं उत्तर आलं नाही, तर शनिवारी ट्रेलर घेऊन या. तुझी वाट बघून बघून बाई थकली, लेका."

त्याने पॅनकेकवर पाक ओतला.

"तुला हवी असेल तर सरळ हो लिहून टाक. मी कुठे बोलणार नाही. इतकी वर्षं बोललो का?"

"का नाही बोललात?"

"कोणी विचारलं नाही." तो खाता खाता म्हणाला. "आणि एक सांगतो. हे सगळे मला ट्रेलरवाला म्हणतात. म्हणू देत. आहेच मी. तुझा व्हर्लिन माझ्याकडे पाहत नसे, तेव्हा तू पण आरसा नीट करायचास. मला मजा वाटायची."

ट्वायला कॉफीचं भांडं घेऊन आली. "डॉक्टर, माझ्या गिऱ्हाइकाला छळू नका. एवढ्या गारा खाऊन आलेला माणूस आहे तो!"

"छळतोय कुठे? त्याचे दात बघतोय," प्रूइट म्हणाला. "शाबूत आहेत सगळे."

मला त्या माणसाचा तिटकारा आहे. झालरींचा, पाकाचा, काचेमागच्या दिव्यांचा. तो बरोबर बोलला होता, म्हणून तर जास्तच. त्या खोलीत चाळीस सोंगं होती. त्यातलं एक सोंग आपण सोंग आहोत हे उघड सांगून समोर बसलं होतं आणि माझ्या ताटातला बटाटा न विचारता खात होतं.

घरी येऊन मी लिहायला बसलो. 'हो' लिहिलं, तर गाडीही मिळत होती आणि नावही राहत होतं. नुसतं 'नाही' लिहिलं, तर नाव राहत होतं आणि व्हर्लिनची गाडी दातांच्या चित्रांशेजारी कायमची उभी राहणार होती. सोमवार ते बुधवार मी सात पत्रं लिहिली. सगळी उत्तम होती. एकात मैत्रीवर, एकात म्हातारपणावर आणि एकात तर मका आणि काळ यांच्यावर मजकूर होता. कशातही काही सांगितलेलं नव्हतं. माझी भाषा चांगली आहे, हे मला त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच ओंगळ वाटलं. बुधवारी दुपारी सातही फाडली आणि हे लिहिलं.

"प्रिय आर्लिस, गारांच्या वर्षी मी दीडशे मैल चालवली. मग घाबरलो. डॉक्टर प्रूइटने माझी गाडी ट्रेलरवर घेतली. शेवटी पंचवीस मैलांवर उतरवून मी चालवत आत गेलो, आणि लोकांनी विचारल्यावर मान हलवली. व्हर्लिनला मी हे आठ वर्षं सांगितलं नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. व्हर्लिनने घातलेल्या अटीत मी बसत नाही. कोणाला द्यायची ते आता तू ठरव. तू विचारलं होतंस, घेशील का. मला ती हवी आहे. फार हवी आहे. म्हणूनच उत्तराला चौदा महिने लागले. लोवेल."

दारातल्या टपालपेटीत टाकून, पोस्टमनने ते न्यावं अशी खूण म्हणून पेटीची लाल पताका वर केली असती, तर तो येईपर्यंत पत्र परत काढता आलं असतं. मी स्वतःला ओळखतो. म्हणून अकरा मैलांवरच्या पोस्टात जायचं ठरवलं, तेही गाडीवरून. कार दारातच उभी होती. सत्तरीतल्या माणसाने एप्रिलच्या थंडीत क्रूझर काढणं हा मूर्खपणाच आहे. ती तीनदा खोकली आणि चौथ्यांदा सुरू झाली. शेतं अजून काळी, ओली होती. वारा जाकिटातून आरपार जात होता. पत्र छातीशी आतल्या खिशात होतं आणि दर मैलाला मी ते आहे ना हे चाचपून पाहत होतो, हरवलं असलं तर बरं या आशेने.

पोस्टासमोर उतार होता. मी अर्थातच उताराकडे तोंड करून लावली. फुटपाथवरच्या एका बाईने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "लांबून आलात?"

"नाही," मी म्हणालो. "अकरा मैल."

आत गेलो. तिकीट चिकटवलं. फटीत पत्र अर्धं सरकवून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला. मग मी बोटं सोडली.