कारणाचा रकाना

टिक्. लॅमिनेटरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला. सकाळी साडेपाचच्या निजलेल्या घरात तेवढा आवाजही वरदाला दणका दिल्यासारखा वाटला. ओट्यापाशी ती तशीच उभी राहिली, जिन्याकडे कान लावून. वर दियाने कूस बदलली असावी. पलंग जरासा करकरला आणि पुन्हा सगळं चिडीचूप झालं.

तिने फोटो प्लॅस्टिकच्या पाकिटात सरळ बसवला आणि यंत्राच्या फटीत सरकवला. फोटोत चेहरा नव्हता. आठ महिन्यांच्या बाळाची उघडी पाठ होती, कमरेवर आणि त्याखाली डाग, शाई सांडून पुसल्यासारखे, आणि बाजूला डाग मोजायला ठेवलेली पांढरी पट्टी. हॉस्पिटलचं नाव असलेली कड तिने कात्रीने उडवली होती, आणि फोटो मुद्दाम काळा-पांढरा छापला होता. पलीकडून तो गरम, चकचकीत होऊन बाहेर आला. युद्धकाळातल्या जखमींच्या फोटोंच्या गठ्ठ्यात आता तो कुणाच्या डोळ्यांवर आला नसता.

मँचेस्टरपासून पाऊण तासावरच्या तिच्या गावाच्या पोटात लाल दगड कोरून काढलेले मैलभर बोगदे आहेत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायला लागले की गाव खाली उतरायचं. बाकडी, झोपायच्या फळ्या, मोऱ्या, प्रथमोपचाराची खोली, सगळं होतं तिथे. वरदा दोन वर्षांपासून आठवड्याचे तीन दिवस तिथे गाइडचं काम करत होती. तीन आठवड्यांपूर्वी बुकिंगच्या यादीत तिला मराठी मंडळाची सहल दिसली. अठ्ठावीस माणसं, अर्ध्या दिवसाची टूर, मधे चहा. यादीत सातवं नाव होतं डॉ. रघुवीर आणि आठवं सौ. लीलावती. तो दिवस वरदाच्या सुट्टीचा होता. तिने सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

पाच वर्षांपूर्वी दियाला वजन करायला नेलं होतं. तिथल्या नव्या नर्सने बाळाचे कपडे काढले, पाठ बघितली आणि ती बाहेर जाऊन फोन लावून आली. तासाभरात वरदा हॉस्पिटलच्या एका खोलीत बसली होती, मांडीवर दिया, समोर सोशल सर्व्हिसेसची बाई. हे डाग जन्मापासून आहेत, असं ती सांगत राहिली, पण जन्माच्या वेळी ते कुणी कागदावर लिहून ठेवलेच नव्हते. मग दार उघडून रघुवीरकाका आत आले. मंडळातले रघुवीरकाका, लहान मुलांचे डॉक्टर, जे गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे उभे राहायचे. "काका," म्हणताना वरदाला हुंदकाच आला. आपला माणूस आला, आता झालं.

काकांनी दियाला पालथं केलं, डाग पाहिले, फोटो काढून घेतले. पूर्ण वेळ ते इंग्रजीत बोलले. मराठीतला एक शब्द नाही. शेवटी त्यांनी रिपोर्टवर एक ओळ लिहिली आणि गेले.

त्या ओळीपायी अकरा दिवस गेले. दियाच्या अंगाचे डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे निघाले. दोघी नर्सनी तिचे हातपाय दाबून धरले होते आणि वरदाला काचेपलीकडे उभं केलं होतं. घरी सोडलं तेही या अटीवर, की आईबापांनी मुलीला एकटं घ्यायचं नाही. लंडनजवळच्या पिनरहून नवऱ्याची, क्षितिजची, बहीण येऊन राहिली. वरदा पाजायला बसली की ती बिचारी समोरच्या खुर्चीत खाली मान घालून बसायची. बाराव्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाईंनी पाठ पाहिली आणि मिनिटभरात सांगितलं, हे काही नाही. केस बंद झाली. मात्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत वरदा शिकवायची, तिथून तोवर तिचं नाव गेलं होतं. परत कुणी बोलावलं नाही. तीही गेली नाही.

*

शाळेला हाफ टर्मची सुट्टी होती आणि क्षितिज कामासाठी लंडनला गेला होता, म्हणून दियाला बरोबर आणावं लागलं. तिकीट खिडकीवरच्या मॉरीनच्या टेबलाखाली रंगपेट्या मांडून वरदाने तिला बजावलं, "मी वर येईपर्यंत इथेच. मॉरीनला त्रास नाही द्यायचा."

"मी त्रास कधी देतो?" दिया म्हणाली. तिचं मराठी असंच होतं, मुलीसारखं की मुलासारखं बोलायचं, याची तिला पर्वा नव्हती.

साडेदहाला सहलीची बस आली. मंडळाचा नवा सेक्रेटरी अपूर्व यादी घेऊन सगळ्यांत पुढे उतरला, आणि त्याच्या मागून पिशव्या, थर्मास, गुडघ्याचे पट्टे असं सगळं मंडळ. टूर मराठीत होणार म्हटल्यावर बायकांनी कौतुकाने वरदाच्या दंडाला हात लावले. रघुवीरकाका आता रिटायर झाले होते, थोडे वाकले होते, पण मफलर तसाच ऐटीत.

"अगं, वरदा ना तू?" ते म्हणाले. "किती वर्षांनी. बरं चाललंय ना सगळं?"

काहीच घडलं नसल्यासारखं. वरदा त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिली, एखादी सुरकुती तरी हलते का. नाही हलली. हा माणूस विसरलाय, हे तिच्या लक्षात आलं आणि तोवर त्यांच्याबद्दल जे थोडंफार वाईट वाटत होतं तेही विझलं.

"छान चाललंय काका," ती म्हणाली. "डोकं सांभाळा, छत खाली आहे."

ती त्या दिवशी फार चांगलं बोलली. तसं ती नेहमीच बोलायची, पण आज सुरी परजावी तसं एकेक वाक्य. सायरन वाजला की लोक कसे धावायचे, पोरं कशी फळ्यांवर एकाला एक खेटून झोपायची, हे ऐकताना मंडळी गप्प झाली. फक्त शशिकांतकाका अधूनमधून बोलत होते.

"काय हो, अख्खं गाव इथे झोपायचं तर घोरणाऱ्यांचं काय करायचे?"

"त्यांना लांबच्या बोगद्यात पाठवायचे."

"म्हणजे आमची सोय तेव्हाही वेगळीच," असं म्हणत त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि सगळे हसले. रघुवीरकाका सगळ्यांत मोठ्याने.

वरदा मनात मोजत होती. अजून दोन वळणं, मग चहा, मग प्रथमोपचाराची खोली.

चहा खालच्या कँटीनमध्ये असायचा. मॉरीन वरून बिस्किटांचा डबा घेऊन आली, आणि तिचं बोट धरून दिया. "सारखी आई आई करत होती," मॉरीन म्हणाली, "म्हटलं राहू दे आता तुझ्याजवळ," आणि वर गेली.

दियाने येऊन वरदाच्या कोटाच्या खिशात हात घातला. हात गार होता. वरदाने तो दोन्ही तळव्यांत धरून चोळला, तिच्या टोपीखालून निसटलेले केस आत सारले. आता नको, असं तिला एकदा वाटलं. खरंच वाटलं. फोटो गठ्ठ्यातून काढून खिशात टाकणं किती सोपं होतं.

"हीच ना ती?" मागून लीलावतीकाकूंचा आवाज आला. कप फुंकत त्या शेजारणीला सांगत होत्या, हळू, पण बोगद्यात हळू बोललेलंही लांब जातं. "तेव्हा हिचंच काहीतरी झालं होतं. आपल्याला खरं-खोटं काय माहीत."

वरदाने फोटो गठ्ठ्यातच राहू दिला.

प्रथमोपचाराच्या खोलीत एक लोखंडी खाट, एक टेबल आणि खुर्ची होती. "जखमी माणूस आला," वरदा सांगू लागली, "की डॉक्टर त्याच्या बटणाला अशी चिठ्ठी बांधायचे." तिने दोरा ओवलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या दाखवल्या. "तीन रकाने. नाव, इजा आणि कारण. कारणाचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्यावरून पुढे त्या माणसाचं काय करायचं ते ठरायचं. आज तुमच्यापैकी एकाने डॉक्टर व्हायचंय."

"आमच्यात खरे डॉक्टर असताना दुसरं कोण बसणार?" शशिकांतकाका म्हणाले, आणि चारजणांनी रघुवीरकाकांना पुढे ढकललं. नाही नाही म्हणत ते बसले, पेन उघडलं, मफलर मागे टाकला.

पहिला फोटो भाजलेल्या हाताचा. दुसरा पायात फळी घुसलेल्या माणसाचा. काका झरझर लिहीत होते, मधे विनोद करत होते, मंडळी खूश होती.

"आणि हे तिसरं," वरदा म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच येतोय, याचं तिलाच नवल वाटलं. "आठ महिन्यांची मुलगी. नर्सला पाठीवर निळे डाग दिसले. आई म्हणते, ती पडलेली नाही, कुणी मारलेलं नाही. कारण काय लिहाल?"

काकांनी फोटो दिव्याखाली धरला. "हे इथलं कुठलं? आपल्याकडचं बाळ दिसतंय."

"कुणाचं का असेना. रकाना भरायचाय."

"अगं, याला कसलं कारण? जन्मखूण आहे ही. आपल्या बहुतेक बाळांना असते, शाळेत जाईपर्यंत जाते."

"मार नसेल कशावरून?"

"छे! माराचा डाग असा नसतोच." काका मंडळींकडे वळून समजावू लागले. "चाळीस वर्षं हेच केलं मी. कॉलेजातलं पोरगंही एका नजरेत सांगेल."

"मग लिहा ना तसं. आणि खाली सही करा."

त्यांनी लिहिलं. इजा नाही, जन्मखूण. झोकात सही केली. अपूर्वने टाळ्या वाजवल्या, दोन-चारजणांनी साथ दिली.

वरदाने फोल्डरमधून दुसरा कागद काढला आणि चिठ्ठीच्या शेजारी ठेवला. केस बंद झाल्यावर हॉस्पिटलला अर्ज करून, तीन महिने वाट पाहून फोटोबरोबर मिळवलेला. काका वाचत नाहीत असं पाहून तिनेच वाचला, मराठी करून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा.

"डाग मारहाणीचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. खाली सही. आत्ता केलीत तीच, काका. जुळवून बघा कुणीही."

खोलीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"वरदा, हे काय चालवलंयस?" लीलावतीकाकू पुढे आल्या. "सहलीला आलोय आम्ही."

"तुम्हीही ऐका काकू. केस चालू आहे तिची, मुलांजवळ नको, असं सांगत फोन तुम्हीच फिरवलेत. हॉस्पिटलातली गोष्ट तुमच्यापर्यंत कशी आली ते मी विचारत नाही. इथे सगळ्यांना कळतंय."

काकू थांबल्या. अपूर्व जमिनीकडे बघत होता. पाच वर्षांत पहिल्यांदाच वरदा अंगभर ताठ उभी होती.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "तेव्हा माहीत होतं की नव्हतं?"

रघुवीरकाकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वरदाने घाई केली नाही. कारणाचा रकाना भरायला ती त्यांना हवा तेवढा वेळ द्यायला तयार होती.

"माहीत होतं," ते शेवटी म्हणाले. "बघताक्षणी. पण सगळ्यांनी पाहिलं होतं तू मला काका म्हणालीस ते. मी 'हे काही नाही' असं म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, हा आपल्या लोकांना सांभाळतो. म्हटलं, दुसरा कुणीतरी लिहील."

"अकरा दिवसांनी लिहिलं दुसऱ्याने. तोवर माझ्या मुलीला अंगावर घ्यायला मला माणूस समोर बसवावा लागत होता."

ती आणखी बोलणार होती. बोलायचं सगळं पाठ होतं. तेवढ्यात टेबलापाशी एक टोपी वर आली.

"आई, हे माझी गोधडी आहे," दिया म्हणाली. बाळाच्या खाली अंथरलेल्या गोधडीवर, पट्टीच्या खालच्या बाजूला, हत्तीचं ठिगळ होतं. त्याच्यावर तिचं बोट. "हे बेबी मी आहे?"

कुणी काही बोलायच्या आत तिने स्वेटर आणि आतला बनियन पाठीवरून वर ओढला आणि वळून मान मागे टाकत विचारलं, "अजून आहे का?"

अठ्ठावीस माणसांसमोर ती इवलीशी पाठ. स्वच्छ, गव्हाळ, थंडीने काटा आलेली. वरदाने झडप घालून स्वेटर खाली ओढला आणि तिला पोटाशी घेतलं. मग तिचं लक्ष टेबलावरच्या फोटोकडे गेलं. दिव्याखाली तो उघडाच पडला होता. तिने तो उलटा केला.

रघुवीरकाका खुर्चीतून उठले. टेबलाला धरत, गुडघा दुखत असताना, ते दियाच्या उंचीपर्यंत वाकले.

"चूक माझी होती, बाळा," ते मराठीतच म्हणाले. "मला माफ कर. सॉरी." मग मान वर करून वरदाकडे पाहिलं. "तुझीही माफी मागतो. सगळ्यांसमोर."

वरदाने वर्षानुवर्षं हेच मागितलं होतं. याच शब्दांत, अशाच गर्दीत. ती त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत उभी राहिली. वाकू दे. अकरा दिवस वाकू दे.

दियाने मात्र शाळेत शिकवल्याप्रमाणे हात पुढे केला. "इट्स ओके," ती शहाण्यासारखं म्हणाली. काकांनी तो हात दोन्ही हातांत धरला.

दियाने वळून आईकडे बघितलं, मग काकांकडे, मग पुन्हा आईकडे. वरदाच्या कोटाची बाही धरून तिने हळूच ओढली.

"आई, मी इट्स ओके म्हटला. तू का नाही म्हणत?"