कानवाल्यांचा शोध

अशी कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका थंडगार, बिनखिडकीच्या खोलीत उभे आहात. मांडणीवर पारदर्शक पिंजरे, पिंजऱ्यांत उंदीर. तुमच्यासमोर एक गृहस्थ पिंजऱ्यावर काडेपेटीएवढी डबी धरून तिचं बटण दाबताहेत आणि आतलं एकही पिल्लू कान हलवत नाही.

"बघ," गृहस्थ तोंडाला मास्क लावलेल्या नातीला म्हणाले, "ठार बहिरी. सगळीच्या सगळी."

या गृहस्थांना प्रयोगशाळेत कानवाले म्हणत. घड्याळ कसं चालतं ते कळावं म्हणून डोळे मिटून त्यातला एक स्क्रू काढावा आणि काय बंद पडतं ते बघावं, तसं तिथलं काम. नर उंदराला एक औषध टोचायचं. त्यानं त्याच्या बीजातल्या जनुकांत कुठेतरी बिघाड होतो. कुठे, ते कोणालाच ठाऊक नसतं. मग पिल्लं निरखायची. एखादं लंगडतं, एखादं नुसतंच फुगत जातं. जे बिघडलं त्यावरून ते जनुक कशासाठी होतं हे शोधायचं. आमच्या गृहस्थांच्या वाट्याला कान आले होते. डबीचा आवाज इतका बारीक, की मोठ्या माणसांना तो ऐकूच येत नाही. उंदराचा कान मात्र झटकन मागे जातो. आयुष्यभर यांनी बटण दाबलं आणि आयुष्यभर कान हलले. निवृत्ती तोंडावर आली आणि हे घबाड हाती लागलं.

घबाड लागल्यावर एखादा माणूस जरा मवाळ होतो. हे आणखी फुगले.

"इथल्या मुख्य डॉक्टरबाई काय म्हणाल्या?" नातीनं विचारलं.

"ती काय म्हणणार? पुस्तकी किडा. म्हणे, बापाचा बिघाड निम्म्याच पिल्लांत उतरतो, निम्मी बहिरी निघाली असती तर समजलं असतं, सगळीच कशी? म्हटलं, बाई, उंदीर तुमचं गणित शिकून जन्माला येत नाहीत."

"आणि ते कोपऱ्यातले?"

"ते साधे. औषध न टोचलेले. आधी त्यांच्यावर डबी दाबून बघायची, चालते की नाही ते. नियम आहे. नवशिक्यांसाठी."

"मग तुम्ही दाबली का?"

"काय पुटपुटतेस? तोंडात काय बोळा आहे? अगदी आईवर गेलीस."

कानवाल्यांच्या मते हल्ली सगळं जगच पुटपुटत होतं. सून, शेजारी, बातम्या देणारी बाई. कोणाला म्हणून धड बोलता येत नव्हतं.

नात मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, डबी वाजतच नाहीये."

"ती कोणालाच ऐकू येत नाही, शहाणे."

"मला येते. मागच्या सुट्टीत इथे आले होते तेव्हा ऐकू आली होती. कानात टाचणी टोचल्यासारखी. आज काहीच नाही."

कानवाले हसले. पोरीला धडा द्यावा म्हणून त्यांनी कोपऱ्यातला पिंजरा ओढला आणि साध्या उंदरावर बटण दाबलं. कान हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, मग अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरलं. उंदीर निवांत मिशा साफ करत होता.

तेवढ्यात नातीनं टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि त्या 'ठार बहिऱ्या' पिल्लांवर खुळखुळवला. सगळे कान एकदम मागे गेले.

कानवाल्यांनी डबीचं झाकण उघडलं. सेल गळून आतली पट्टी हिरवी पडली होती.

"कोणाला बोलू नकोस," ते म्हणाले.

दार उघडलं. डॉक्टरबाई आत डोकावल्या. "काका, उद्या प्रयोगशाळा बघायला पाहुणे येताहेत, त्यांच्यासमोर तुम्हीच सांगा हं. शोध तुमचा आहे. त्या पिल्लांच्या वंशाला तुमचंच नाव देऊ या." त्या कानवाल्यांसमोर उभ्या राहून मोठ्यानं बोलत होत्या. तशा नेहमीच बोलत. कानवाले त्याला उद्धटपणा म्हणत.

आता हा मनुष्य गप्प बसला असता तर मला नवल वाटलं नसतं. पिल्लं त्याच्या ताब्यात, डबी त्याच्या मुठीत. नात त्याच्याकडे बघत होती, पण ती काही बोलणार नव्हती.

"नाव देऊ नका," कानवाले म्हणाले. "डबी मेली होती. मी आधी बघितलं नाही."

बाई रागावतील म्हणून त्यांनी खांदे आवळले होते. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. "सेल बदला. उद्या सगळी पिल्लं पुन्हा तपासू." आणि गेल्या.

दुसऱ्याला तुच्छ लेखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला असं सोडून दिलेलं सोसत नाही. ते दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले. डबी हातात तशीच उघडी होती.

"आजोबा, घरी जायचं?" नातीनं मागून विचारलं.

ते हलले नाहीत. तिनं पुन्हा विचारलं, जरा जवळून.

मग ती स्टुलाला वळसा घालून त्यांच्यासमोर आली. दिव्याखाली उभी राहिली, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला, आणि आवाज मुळीच न चढवता, प्रत्येक शब्द ओठांवर नीट दिसेल असा, तिनं तेच पुन्हा विचारलं.