विहिरीवर टांगलेला फळा

फळ्याचं काम सोपं असतं, मित्रांनो. आज लिहिलेलं उद्या पुसायचं आणि पुन्हा कोरं व्हायचं. मीही तसाच एक फळा होतो. पण आता मी खूप जुना झालो आहे आणि मला पुसता येत नाही. माझ्या अंगावर पांढऱ्या तेलरंगात पाच शब्द आहेत. ते शब्द वेळेवर कुणाला वाचता आले असते, तर जनी नावाच्या एका मुलीचा धाकटा भाऊ वाचला असता. माझी सारी हकीकत त्या दोघांचीच आहे. देवाच्या दारात वाढलो, म्हणून खोटं बोलणार नाही.

पळस्प्याच्या नाक्यावरून खाडीच्या दिशेला उतरलं की मिठागरं लागतात. त्या मिठागरांच्या बांधाला चिकटून आमची वाडी आहे. देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या वर्षी बुधाजी सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवलं. कोळशाची पूड आणि बिब्याचं तेल चोळून त्याने मला काळं केलं आणि म्हणाला, "आता वाडीतली पोरं सायेब व्हनार!" बायका हसल्या. मला मात्र त्याचं बोलणं अगदी खरं वाटलं.

मारुतीच्या देवळात दिवसा शाळा भरे. एकादशीला दिवेलागणीनंतर त्याच जागी कीर्तन होई. मला खिळ्यावरून उतरवण्याचा त्रास कुणी घेत नसे, म्हणून मी शाळाही ऐकली आणि कीर्तनही ऐकलं. खरं सांगू? माझा जीव कीर्तनात जास्त रमे. काशिरामबुवा पनवेलहून चालत येत. पायावर धूळ, गळ्यात वीणा आणि आवाज असा, की समईची वातसुद्धा सरळ उभी राहून ऐकतेय असं वाटावं. बुवांना एक खोड होती. रंगात आलेला अभंग ते मधेच थांबवत, झांजा धरून ठेवत आणि समोरच्या एखाद्याला विचारत, "काय रे तुळशीराम, आत्ता काय म्हटलं मी?"

तुळशीराम म्हणजे जनीचा बाप. तो डोकं खाजवून म्हणे, "लय ग्वाड म्हटलं, बुवा."

"गोड तर गूळही असतो. अर्थ सांग!"

सगळं देऊळ हसे. मग बुवा तोच चरण उलगडून, शेतातले नि मिठागरातले दाखले देऊन सांगत. तुळशीराम मान डोलवी, आणि ती मान खरी असे.

शाळेत असं कुणी विचारत नसे. गुरुजी वाईट नव्हते. पनवेलहून सायकलवर येत, चार इयत्ता एकट्याने सांभाळत. पण वर्षातून एकदा शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब शाळा तपासायला येत आणि गुरुजींचं सारं वर्ष त्या एका दिवसासाठी असे. महिनाभर आधी ते सुंदर अक्षरात माझ्यावर एक धडा लिहीत आणि सांगत, "साहेब येईपर्यंत हा पुसायचा नाही." त्या वर्षीचा धडा असा होता: विहिरीचे पाणी गोड असते. विहिरीचे पाणी थंड असते. आपण विहिरीचे पाणी पितो.

रोज सकाळी बेचाळीस पोरं तो एका सुरात म्हणत. जनी त्यांची पुढारी. नऊ वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, आवाज खणखणीत. तपासणीच्या दिवशी गुरुजींनी तिच्या हातात छडी दिली. ती एकेका शब्दावर छडी ठेवत गेली आणि धडा म्हणत गेली. साहेब खूश झाले. "हुशार मुलगी आहे! छान वाचते," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

मित्रांनो, ते छडीचं टोक माझ्या अंगावर होतं. मला ठाऊक आहे, जनीच्या तोंडी 'गोड' होतं तेव्हा छडी 'पाणी'वर होती. सूर पुढे गेला, छडी मागे राहिली. साहेबांनी ते पाहिलं नाही. गुरुजींनी पाहिलं आणि रुमालाने घाम पुसला. फळ्याला जीभ नसते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.

त्याच संध्याकाळी एकादशी होती. वाडीभर झालं होतं, जनी वाचते! तिची आई भामा येईल त्याला सांगत होती. बुवांनी कौतुकाने जनीला जवळ घेतलं आणि चिपळीने माझ्यावरच्या मधल्याच एका शब्दावर टिचकी मारली.

"बाळ, एवढाच शब्द सांग बघू."

जनीने हात जोडले, डोळे मिटले आणि पहिल्यापासून धडा सुरू केला.

बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते गुरुजींकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, पोर गाते छान. वाचत नाही."

गुरुजींना ते लागलं. "बुवा, तुमच्या कीर्तनातले किती अभंग लोकांना कळतात? टाळ्या देतातच ना?"

 बुवांनी वीणा गळ्यात घातली आणि ते उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणालाही अर्थ विचारला नाही.

जनीला मात्र खरंच वाटत होतं की आपल्याला वाचता येतं. तिने कुणाला फसवलं नाही, हे ध्यानात ठेवा. वाचणं म्हणजे काय, हे तिला कुणी वेगळं दाखवलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी भामाला मुलगा झाला. पाच नवसांनी झालेला, नाव शिवा. त्याला सांभाळायला जनीची शाळा सुटली. लोक म्हणाले, शाळा सुटली म्हणून पोरीचं नुकसान झालं. मला विचाराल तर, आणखी तीन वर्षं बसली असती तर आणखी तीन धडे पाठ झाले असते. मग गुरुजींची बदली झाली आणि दुसरं कुणी आलंच नाही. माझ्यावर बायकांनी पापड वाळत घातले. एकदा कोंबडी बसली. तक्रार नाही; पापड तरी कुणाच्या उपयोगी पडले.

शिवा सव्वा वर्षाचा झाला, त्या श्रावणात उधाणाने बांध फुटला. पाणी वाडीतून, उकिरड्यावरून फिरत विहिरीत उतरलं; पुढच्या पावसाने खारटपणा गेला, घाण राहिली. शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली होती, म्हणून आरोग्यखात्याचा एक माणूस विहिरी पाहत पाहत आमच्याकडे आला. भर दुपार, वाडी सगळी शेतावर. त्याने दोन हाका मारल्या, एक शेळी ओरडली. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि देवळातून मला उचललं. पांढरा रंग आणि ब्रश त्याच्याजवळ होते. त्याने माझ्यावर ठळक, सुबक अक्षरांत लिहिलं:

या विहिरीचे पाणी पिऊ नये.

मला विहिरीच्या खांबाला टांगून, वहीत खूण करून तो पुढच्या गावाला गेला. त्याचं काम झालं होतं. मित्रांनो, मी त्या दिवशी हरखलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर कुणीतरी खऱ्या उपयोगाचं लिहिलं होतं. अर्ध्या कोसावर डोंगराच्या पायथ्याला स्वच्छ झरा होता. मला वाचून माणसं तिकडे वळली की झालं!

संध्याकाळी बायका हंडे घेऊन आल्या आणि माझ्यासमोर थबकल्या.

"यो शाळंचा फला बावीवर कोनी आनला गो?" म्हातारी रंभा म्हणाली. बाव म्हणजे आमच्याकडे विहीर.

"बांधावरनं सरकारचा मानूस जाताना दिसला म्हनं. कायतरी लिवून गेलाय."

"मग बोलवा ना आपले जनीला! घरची गंगा सोडून तुमी कोनाला इचारता?"

जनी आली. कडेवर शिवा, तिच्या वेणीशी खेळत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. तोच काळा फळा, तशीच पांढरी अक्षरं. 'विहिरीचे'मधली पहिली वेलांटी तिने ओळखली, 'पाणी'चा काना ओळखला आणि तिचं तोंड उजळलं. हा तर तिचाच धडा! तिने शिवाला नीट कडेवर घेतलं आणि खणखणीत सुरात म्हणाली, "विहिरीचे पाणी गोड असते. विहिरीचे पाणी थंड असते. आपण विहिरीचे पाणी पितो."

मी ओरडत होतो. सागाच्या तीन फळ्या जितकं ओरडू शकतात, तितकं. वाऱ्याने खांबावर हललो, एवढंच.

"बगा!" रंभा म्हणाली, "आपले बावीला सरकारनं दाखला दिला! पनवेलच्या मामलेदाराचे बावीला तरी हाय का असा दाखला?"

"तुजी जनी नसती तं आमाला कललं पन नसतं, भामा," दुसरी म्हणाली. भामाचा ऊर भरून आला. रंभाने कनवटीची पुडी काढून मला हळदकुंकू लावलं. आणि पहिला पेला कुणाला पाजला, सांगू? ज्याच्या बहिणीने वाचून दाखवलं, त्याला. शिवा दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा प्यायला.

चौथ्या दिवशी शिवा गेला. त्या आठवड्यात आणखी चौघे गेले. कुणी म्हणालं साथीची देवी जरीमरी कोपली, कुणी म्हणालं मारुतीच्या देवळातला फळा हलवला म्हणून झालं. विहिरीला नारळ फोडले आणि तेच पाणी तीर्थ म्हणून वाटलं. माझ्यावरच्या हळदकुंकवाचा थर वाढत गेला.

एकादशीला बुवा आले. देवळात शिरायच्या आधी पाय धुवायला विहिरीवर वळले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी उपरण्याने कुंकू बाजूला केलं. एकेक शब्द वाचला. बायका जमल्या.

"हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?"

"आमचे जनीनं," रंभा म्हणाली. त्या आवाजात अजून थोडा अभिमान होता, म्हणून तो आठवला की आजही मला कसंसं होतं.

बुवांनी जनीकडे पाहिलं. तिच्या कडेची जागा रिकामी होती, तरी कंबर एका बाजूला झुकलेलीच होती. ते एवढंच म्हणाले, "आजपासून झऱ्याचं पाणी आणा. हे तोंडात घालू नका." मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काही चुकलं नाही, बाळ. मला दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. मी गप्प बसलो."

त्या संध्याकाळी कीर्तन झालं नाही. बुवा देवासमोर वीणा ठेवून नुसते बसून राहिले.

जनीला तेवढ्यातच सगळं कळलं. पण माझ्यावर नेमकं काय लिहिलं आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिला वाटत राहिलं, तिथे काहीतरी मोठं, अवघड, शहरातल्या शिकलेल्यांनाच कळेल असं लिहिलेलं असणार. तुळशीरामाने मला खांबावरून उपटून बांधावर फेकलं. दुसऱ्या दिवशी जनीने मला उचलून आणलं. पुढे लग्न होऊन ती वाडीतल्याच विठूच्या घरी गेली, तेव्हा तिने मलाही नेलं. पडवीत, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. सासूने विचारलं, "ये लाकूड कशाला?" जनी म्हणाली, "असू दे."

तिला मुलगी झाली, शांती. वाडीत पुन्हा शाळा आली आणि शांती शाळेत जाऊ लागली. तेव्हापासून जनीला एक वेडच लागलं. मुलीने धडा म्हणायला तोंड उघडलं की ती तिच्या तोंडावर हात ठेवी. "पाठ नको म्हनू. वाच." मिठाच्या गोणीवरचा शिक्का, एसटीचं तिकीट, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, दिसेल ते तिला वाचायला लावी. मधूनच बोट ठेवून विचारी, "या काय? ना या काय?" 'या' म्हणजे आमच्या बोलीत 'हे'. बायका हसत. "जनीची पोर गोनीला पन सोडत नाय गो!" जनी हसत नसे.

यंदाच्या दिवाळीला, म्हणजे त्या श्रावणानंतर तेरा वर्षांनी, पडवी सारवायला काढली आणि मला अंगणात आणलं. उन्हात माझं तोंड उघडं पडलं. रंग थोडा उडाला होता, अक्षरं जागच्या जागी होती. सात वर्षांची शांती सवयीने माझ्यापुढे बसली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत तिने मला वाचलं.

"या... विहिरीचे... पाणी... पिऊ... नये. आये, कंची विहीर गो?"

जनीच्या हातातला शेणाचा गोळा तसाच राहिला.

"परत वाच."

शांतीने परत वाचलं.

"आजून कायतरी असंल. खाली बग."

"नाय आये. एवढंच हाय."

जनी माझ्यासमोर खाली बसली. "एवढंच व्हतं?" ती म्हणाली. आणि पुन्हा, कुणाला तरी विचारावं तसं, "एवढंच व्हतं?"

मित्रांनो, एवढंच होतं. तुमच्या वयाच्या मुलीला दुपारभरात शिकवता आलं असतं, एवढंच. तुम्ही शाळेत जाता, देवाच्या कृपेने गुरुजीही आहेत. मग माझं एक मागणं ऐका. धडा कितीही गोड सुरात येत असला, तरी मधेच थांबा आणि विचारा, हा शब्द कुठला, ह्याचा अर्थ काय. गुरुजी रागावले तरी विचारा. आणि तुम्हाला वाचता आलं, की ज्यांना येत नाही त्यांना दारात जाऊन सांगा. नुसतं लिहून टांगून निघून जाऊ नका.

आता मी पडवीत सरळ तोंडाने उभा आहे. रोज संध्याकाळी जनी येते, माझ्यावर बोट ठेवते आणि पाचही शब्द बरोबर म्हणते. मग बोट तिथेच ठेवून शांतीला विचारते, "खरं सांग गो. या मी वाचतंय, का पाठ म्हनतंय?"