उघड्या पाठीचा झगा

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे, बाप्तिस्म्याचा. माझं वय विचारू नका. एवढंच सांगतो, की ज्या सोमनाथनं मला पहिल्यांदा अंगावर घातलं, त्याचे केस आता कपाळावरून मागं सरकू लागले आहेत.

माझा जन्म पिशोरचा. सोमनाथच्या आईची, गोजरबाईंची, लग्नातली पांढरी साडी होती. पहिलं लेकरू झालं तेव्हा त्यांनी तिचा पदर कापून बाजारातल्या शिंप्यापुढं ठेवला. शिंप्यानं बाप्तिस्मा कधी पाहिला नव्हता. हा बाहुलीचा कपडा असावा असं त्याला वाटलं, आणि बाहुली काही वाढत नाही, म्हणून त्यानं शिवणीत जास्तीचं कापड ठेवलं नाही. गळ्याला लेस मात्र छान लावली. पाठीला बटणं.

आमच्या घरची एक रीत आहे. लेकरू चर्चमध्ये साध्या कपड्यांत न्यायचं. फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं, तेल लावलं, की मग पिशवीतून मला काढायचं आणि सगळ्यांसमोर धर्ममातेनं, म्हणजे बाप्तिस्म्यात लेकराची जबाबदारी घेणाऱ्या बाईनं, मला लेकराला घालायचं. दुसऱ्या कुणी नाही. सोमनाथ तेव्हा एवढा रडला, की माझी लेस भिजली. त्याच्या पाठीवरची बहीण रत्नमाला झोपून राहिली. लोक म्हणाले, "काय झगा आहे!" मी ते अजून विसरलेलो नाही.

पुढं घरात लेकरं झाली नाहीत. कुटुंब पडेगावला राहायला आलं आणि मी ट्रंकेत गेलो. ट्रंकेवर मिक्सरचं खोकं, खोक्यावर पंखा. माझ्या शेजारी डांबराच्या गोळ्या. त्यांच्याशी बोलण्यासारखं काही नसतं.

मग सोमनाथ आणि रूपालीला मुलगी झाली, श्रेया. गोजरबाईंनी मला काढलं, निळीत बुडवलं, उन्हात वाळवलं आणि तिच्या अंगाला लावून पाहिलं. सैल झालो. मला वाटलं, आता पंधरा-वीस दिवसांचाच प्रश्न.

प्रश्न निघाला धर्ममातेचा.

धर्मपिता ठरवायला चहाचा एक कप पुरला. रूपालीचे साहेबरावमामा. ते कशालाच नाही म्हणत नाहीत. पण धर्ममातेचा शब्द सोमनाथनं फार पूर्वी देऊन ठेवला होता. रत्नमालाचं लग्न गंगापूरला झालं. तिची पाठवणी करताना तो रडत रडत म्हणाला होता, "रत्ना, माझं पहिलं लेकरू तुझ्याच हातात देईन." रडताना माणूस नियम बघत नाही. रत्नमालाचं सासर ख्रिस्तीच, पण आमच्यासारखं कॅथलिक नाही, दुसऱ्या पंथाचं. ती नवऱ्याबरोबर त्यांच्याच चर्चमध्ये जाऊ लागली होती.

बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गाला सोमनाथ आणि रूपाली गेले, तेव्हा फादरांनी समजावलं, "धर्ममाता कॅथलिकच लागते. तुमच्या बहिणीला साक्षीदार म्हणून उभं राहता येईल." फादरांनी हे गोड आवाजात सांगितलं. सोमनाथनं ते फोनवर सांगितलं.

"रत्ना, तू साक्षीदार."

"साक्षीदार? का रं दादा, मी काय अपघात बघितला का?"

फोन बंद झाला. तो पुढं उचललाच गेला नाही.

धर्ममाता म्हणून रूपालीची धाकटी बहीण अक्षदा ठरली. मुलगी सालस आहे, माझी काही तक्रार नाही. पण सोमनाथ हटून बसला. "रत्ना मानेल. तोवर थांबू."

थांबले. ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, तो संपेपर्यंत थांबले. मग लग्नसराई आली. मोठी माणसं थांबत होती, पण श्रेया थांबत नव्हती. ती नाचणीची खीर खात होती, वरणभात खात होती, एकदा सोमनाथच्या चपलेचा अंगठाही खाताना सापडली. शेजारीण यायची आणि म्हणायची, "लई भरलंय हो लेकरू!" सगळे हसायचे. मी माझी बटणं मोजायचो.

गोजरबाई दर रविवारी दार लोटून मला श्रेयाच्या अंगाला लावून बघायच्या. आधी सैल होतो, मग बरोबर झालो. मग एक बटण राहू लागलं. मग दुसरं. शेवटी त्यांनी हे सुनेला सांगितलं.

"बटण लागंना गं."

"आई, मी मोबाइलवर एक फ्रॉक बघितलाय. चमकीचा आहे. पाठीला पंखपण आहेत."

"पंख? लेकराला बाप्तिस्मा द्यायचाय, उडवायचं नाय."

तरी फ्रॉक आला. मित्रांनो, त्या दिवसापासून मला ट्रंकेत झोप लागली नाही. एकदा का त्या पंखवाल्यानं माझी जागा घेतली, की माझ्या नशिबी गॅसची शेगडी पुसणं होतं. आणि रत्नमालाच्या नशिबी? तिनं लहानपणी घातलेला झगा तरी या घरात तिची आठवण म्हणून होता. तोही गेला असता.

फादरांनी अखेर तारीख दिली. सोमनाथनं बहिणीला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी मी पिशवीत, आणि माझ्या छातीवर तो फ्रॉक. त्याची चमकी माझ्या लेसवर गळत होती. चर्चमध्ये गोजरबाई प्रार्थनेपेक्षा दाराकडं जास्त बघत होत्या. बाहेर रिक्षा थांबली की सोमनाथची मान वळायची. रिक्षा पुढं जायची.

पाणी झालं. श्रेया किंचाळली. तेल झालं. अक्षदानं पिशवीत हात घातला, पंख बाजूला सारले आणि मला बाहेर काढलं. एका बाजूला साहेबरावमामा पेटलेली मेणबत्ती घेऊन उभे, तीही तिरकी. मी सुती. माझी अवस्था समजून घ्या.

डोकं गेलं, हात गेले. अक्षदानं बटणासाठी दोन्ही कडा ओढल्या आणि टर्रकन माझी पाठ कमरेपर्यंत फाटली.

अक्षदा रडकुंडीला आली. रूपालीचा हात पिशवीतल्या पंखांकडं वळला. गोजरबाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठलं. पदरावर रस्त्याची धूळ. गंगापूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं आलेलं माणूस लगेच ओळखू येतं. रत्नमाला कधी येऊन बसली होती, कुणालाच कळलं नव्हतं. ती चालत पुढं आली आणि माझ्या उघड्या पाठीवर तिनं आपला तळहात पसरून ठेवला.

"अक्षदा, तू लेकरू धर. मागचं मी बघते."

"रत्नाताई, निसटेल हो."

"निसटत नाय. तू फादरकडं बघ."

पुढं अक्षदा, मागं रत्नमाला, मधे श्रेया आणि मी. साक्षीदारानं नेमकं कुठं उभं राहायचं, हे फादरांनी वर्गात सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा आमच्याकडं बघितलं, चष्मा सारखा केला आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

फोटोच्या वेळी सोमनाथ म्हणाला, "रत्ना, पुढं ये ना."

"पुढं आले तर झगा उघडा पडंल."

"पडू दे."

"पडू दे म्हणं! मायच्या पदराचा हाय तो." हे म्हणताना तिचा आवाज फुटला, म्हणून ती लगेच श्रेयावर ओरडली, "हलू नको गं!" त्या फोटोत श्रेयाच्या बगलेखाली एक जास्तीचा हात दिसतो. पाहुणे विचारतात, हा कुणाचा? सोमनाथ प्रत्येकाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

निघताना रत्नमालानं मला घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं. "आठ दिवसांत शिवून देते."

मित्रांनो, तेव्हापासून मी गंगापूरला आहे. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सोमनाथचा फोन येतो. "रत्ना, झग्याचं कुठवर आलं?" ती म्हणते, "होतंय रं दादा, नाजूक काम हाय." मग श्रेयाचे दात, गोजरबाईंचे गुडघे, अक्षदाची नवी नोकरी, सगळं विचारून होतं. बराच वेळ चालतं ते.

मी केव्हाच शिवून झालोय. कपाटात हँगरला आहे. पाठीला तिच्या लग्नातल्या साडीची पट्टी लावली आहे, आणि या वेळी शिवणीत भरपूर कापड ठेवलंय.

तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याला ऊन दाखवा, डांबराच्या गोळ्यांत एकटं सोडू नका. पण ते कुणाकडं दुरुस्तीला दिलं असेल, तर कृपा करून घाई करू नका. आणि माझं शिवून झालंय, हे सोमनाथला सांगू नका.