गामूचा घड

"ह्यो घड हितं नको, कोनिओ. घरी ने."

उद्याच्या मेजवानीचा यजमान गिमामामा बोलला तेव्हा त्याचं लक्ष घडाकडं नव्हतं. तो दुबूच्या मंचाच्या खांबाला वेल आवळत होता. कोनिओमामी उतारावरच्या बागेतून केळ्यांचा घड पाठीवर घेऊन आलेली, जाळीच्या पिशवीचा पट्टा कपाळात रुतलेला. पाऊस सरून बरेच दिवस झाले होते. माती पांढरीफटक पडलेली, पाऊल टाकलं की धूळ पोटरीपर्यंत उडत होती. मामीनं घड खाली ठेवला नाही.

"का नको?"

"नको म्हणलं ना."

"हिरवा हाय म्हणून नको, किडका हाय म्हणून नको, का माझ्या नवऱ्याचा हाय म्हणून नको? तेवढं सांगा भाऊजी, मंग नेते."

गिमामामानं वेल दातात धरली. दात गुंतले की उत्तर द्यावं लागत नाही.

आमच्याकडं मेजवानीच्या आदल्या दिवशी घराघरातून केळी नि कोनफळं येतात आणि दुबूच्या उंच लाकडी मंचावर टांगली जातात. ज्याचा माल त्यानंच टांगायचा. दुसऱ्या दिवशी पाहुण्या गावाला वाटताना देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं. ज्या घराचं नाव पुकारलं जात नाही, ते घर गावात असून नसल्यासारखं. त्याच्या बागेला आग लागली तरी विझवायला कुणी धावत नाही. मामी भांडत होती ती एवढ्यासाठी.

गामूमामा, तिचा नवरा, गावातला कुऱ्हाडीचा धनी. ह्याच दुबूचे खांब त्यानं नदीकाठच्या निलगिरीचे तोडून आणले होते. काही ओंडके आतून पोकळ निघाले, ते त्यानं सरपणाला फोडले. आतून तपकिरीसारखा भुगा उडत होता. पुढं कित्येक महिन्यांनी त्याचं डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. ओकाऱ्या सुरू झाल्या. एका कुत्र्याची दोन कुत्री दिसायला लागली. कुणीतरी करणी केली म्हणून आधी पाल्याच्या पाण्यानं आंघोळी घातल्या, मग मानच वळेना तेव्हा ट्रकमध्ये घालून राजधानीत, मोर्सबीला नेला.

तिथं पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मी तेव्हा मोर्सबीतच जीवशास्त्र शिकत होते. माझा मामा म्हणून प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकात पाहू दिलं. पाण्याच्या थेंबात शाईचा थेंब मिसळलेला. सगळीकडं काळं, आणि त्यात गोल गोल पेशी, प्रत्येकीभोवती लख्ख कडं. बुरशी होती ती. मेंदूच्या आवरणात वाढत होती.

खाटेशेजारी तेव्हा त्याचा थोरला भाऊ गिमामामा बसून होता. डावीकडच्या खाटेवरच्या माणसाला बुरशी, उजवीकडच्यालाही बुरशी, आणि दोघांनाही एड्स. गामूमामाचं रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ निघालं. पण गिमामामानं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं आणि गावानं बेरीज केली.

मामा एक डोळा गमावून परत आला, त्या दिवसापासून सुपारीच्या बैठकीत चुन्याची तुंबी फिरेनाशी झाली. पूर्वी एकच तुंबी, एकच काडी. बुडवायची, चाटायची, पुढच्याला द्यायची. आता एकाएकी ज्याची त्याची वेगळी तुंबी झाली. मामी आपली तुंबी पुढं करायची आणि लोकांना नेमकी तेव्हाच सुपारी नकोशी व्हायची.

मी तिला समजावून सांगितलं होतं की ह्या बुरशीत दोन चुलत जाती आहेत. एक जात बहुतेक करून ज्याच्या अंगातली राखण ढिली पडलीय त्याला गाठते. दुसरी झाडांच्या आसऱ्यानं राहते आणि धडधाकट माणसालाही सोडत नाही. मामाच्या अंगात दुसरी होती. मामीनं ते ऐकून घेतलं आणि आपल्या पद्धतीनं डोक्यात ठेवलं.

तेच आता तिनं बाहेर काढलं. "एक चोर उघड्या दारातनं शिरतो, भाऊजी. दुसरा बंद दार फोडून शिरतो. माझ्या घरात दुसरा शिरला. आन् तुम्ही घरधन्यालाच इचारताय, दार उघडं का ठेवलंस म्हणून?"

"मी माझ्या डोळ्यानं बघितलंय," गिमामामा म्हणाला. "त्येच्या दोन्ही बाजूला कोण हुतं ते."

"त्या माणसांच्या चुन्यात बी मी काडी बुडवली असती. काडीनं त्यो रोग लागत न्हाई, हे नर्सनं तुमच्या तोंडावर सांगितलं. तुमचे डोळे तितं हुते, कान काय घरी ठिवून गेला हुता?"

बाजूला ओंडक्यावर बसलेली माणसं खाली मान घालून हसली. चर्चमधला तौआ वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून तो बोलला. "पाहुणे यायचेत, पोरी. उगं लोकांच्या मनात किंतू कशाला?"

"तौआबाबा, तुम्ही बसलाय कशावर?"

तौआनं खाली बघितलं. गामूमामानं तोडलेल्या निलगिरीचाच उरलेला पोकळ ओंडका होता तो.

"बुरशी असल्या झाडात ऱ्हाती. झाडावर मांडी ठोकून बसायचं, आन् माणसाला भ्यायचं," मामी म्हणाली.

तौआ अर्धवट उठला.

"नुसतं बसल्यानं काही होत नाही, बाबा," मी घाईनं म्हणाले. "भुगा श्वासात जावा लागतो. आणि त्याच झाडातून आली की दुसऱ्या कुठून, हे नक्की सांगता येत..."

"तू गप गं जरा," मामी म्हणाली. "बसू दे त्यांना अर्धं उभं."

तेवढ्यात काठी टेकत गामूमामा आला. अंग निम्मं झालेलं, पण खांदे अजून कुऱ्हाडीचेच. मामीच्या पाठीवरचा घड त्यानं हातानं चाचपला, उचलून आपल्या खांद्यावर घेतला आणि शिडीपाशी जाऊन थांबला.

"दादा, शिडी धर."

गिमामामा हलला नाही.

"धर की. पडलो तर गाव म्हणंल, भावानं पाडला."

गिमामामानं शिडी धरली. एक-एक पायरी पायानं शोधत गामूमामा वर गेला, आडव्या वाश्याला घड बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली. घड बरोबर मध्यभागी आला होता. मुद्दाम बांधला की एका डोळ्यानं अंदाज चुकला, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, ढोल झाले, डुकरं कापली गेली. वाटणी सुरू झाली. गिमामामा दुबूवर उभा राहून एकेक घड उतरवायला लावत होता आणि नावं पुकारत होता. डावीकडचे संपले, उजवीकडचे संपले. मधला घड तसाच लटकत राहिला. गिमामामा खाली उतरायला वळला.

"गामूचा घड!"

दुबूवरच्या मालाचं नाव बाईनं पुकारल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. मामी बायकांच्या घोळक्यात उभी होती.

पाहुण्यांचा म्हातारा मुखिया कानाला हात लावून म्हणाला, "कुणाचा?"

"गामूचा. माझ्या नवऱ्याचा. ज्यानं तुमच्या समोरचे खांब तोडले त्याचा."

"गामूचा म्हणली न्हवं," चटईवरून बोइओआत्या खेकसली. ही दोघा भावांची आत्या, तोंडात एकही दात नाही, आयुष्यात कुणाला भ्याली नाही. "समदे बहिरे का गोळा केल्यात हितं?"

मुखिया हसला. घडाकडं बघत राहिला. एवढा मोठा घड त्या दिवशी दुसरा नव्हता. "मंग यजमान का बोलंना? द्यायचा नसला तर तसं सांगा."

पाहुण्यानं मागितलं आणि यजमान गप्प बसला, ही लाज एकट्या गामूची नव्हती, सगळ्या दुबूची होती. मग गिमामामानं छाती भरून घेतली आणि बाकी सगळ्या नावांपेक्षा मोठ्यानं ओरडला, "गामूचा घड! माझ्या भावाचा!"

घड खाली आला. पाहुण्यांच्या पोरांनी तिथंच दोन पिकली केळी सोलली.

ऊन कलल्यावर गिमामामा गामूमामाच्या खांबांवरच्या घराखाली सावलीत येऊन बसला. मग सुपारी फोडून तोंडात टाकली आणि हात पुढं केला.

"चुना दे."

मामीनं तुंबी दिली. त्यानं काडी बुडवली, वर काढली.

"दमानं," मामी म्हणाली. "आत्ताच ह्यांनी चाटलीय ती."

काडी हवेत थांबली. गामूमामानं आपला धड डोळा भावावर लावला.

गिमामामानं काडी तोंडात घातली, चोखून स्वच्छ केली आणि पुन्हा तुंबीत बुडवली.

"चुना पातळ झालाय तुझा," तो म्हणाला.

"उद्यापासनं येत जा," मामी म्हणाली. "घट्ट करून ठेवीन."