मी वेळेवर थांबले होते

मित्रांनो, मी एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आहे. लांब नाक, दोन दारे, दोनच माणसांपुरती जागा आणि पिकल्या संत्र्यासारखा रंग. गेल्या वर्षी मला विकायला काढले तेव्हा जाहिरातीत लिहिले होते, 'एकच मालक. एकावन्न वर्षांची. फक्त नऊ हजार दोनशे किलोमीटर चाललेली. जिवापाड जपलेली.' शेवटचे दोन शब्द सोडले, तर त्यात खोटे काही नव्हते.

माझा जन्म योकोहामाजवळच्या एका कारखान्यातला. माझी दारे बसवणाऱ्या कामगाराला त्या दिवशी सर्दी झाली होती. नाक ओढत त्याने माझे डावे दार अकरा वेळा उघडले आणि मिटले. अकराव्या वेळी हवा तसा आवाज आला, तेव्हाच त्याने मला पुढे जाऊ दिले. माझे पहिले कौतुक ते.

तिथून मी बोटीने उवाजिमा या बंदराच्या गावी आले. माझे मालक सेइके योशिहारू, म्हणजे गावाचे सेइकेसान, तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. लोकांच्या नावांचे शिक्के कोरून देण्याचे त्यांचे दुकान होते. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत ते आख्खे नाव कोरायचे. सहा वर्षे पै पै साठवून त्यांनी मला घेतले होते. रविवारी दुकान बंद असले की ते आणि त्यांची बायको मित्सुए मला घेऊन समुद्राच्या कडेने निघायचे. मित्सुएबाई बंदरावर तळलेली माशांची वडी घ्यायच्या, ती गाडीबाहेर उभ्या राहून खायच्या आणि हात खसखसून पुसूनच आत बसायच्या. "माझ्या किमोनोपेक्षा हिच्या सीटची काळजी जास्त," असे त्या हसत म्हणायच्या. चार वर्षे अशी मजेत गेली.

मग १९७६ सालचा नोव्हेंबर आला. डोंगरउतारावर संत्र्यांची तोडणी चालली होती. त्या दुपारी सेइकेसान एकटेच होते. सरळ, मोकळा रस्ता लागला आणि त्यांनी मला जोरात पळवले. वेगाचा काटा वर चढत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. रस्त्याकडे कोणी बघत नव्हते. एवढ्यात वरच्या बागेतून एक संत्रे घरंगळत खाली आले आणि त्याच्यामागे सहा-सात वर्षांची एक मुलगी धावत आली.

त्यांनी ब्रेक दाबला. मित्रांनो, मी माझ्या अंगात होते नव्हते ते सगळे चार चाकांत आणले. टायर किंचाळले. मी थांबले, तेव्हा माझे नाक आणि त्या मुलीचा फ्रॉक यांच्यात वीतभर अंतर होते. तिने संत्रे उचलले, आम्हाला कमरेत वाकून नमस्कार केला आणि पळून गेली. सेइकेसान तासभर तिथेच बसून राहिले.

घरी आल्यावर त्यांनी माझ्यावर कापड टाकले. मित्सुएबाईंना एवढेच सांगितले, "आता हिला जपायची. रस्त्यावर नेऊन खराब करायची नाही."

त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे मी रस्ता पाहिला नाही. माझ्या नंबरपाट्या निघाल्या. दर रविवारी सकाळी सेइकेसान यायचे, इंजिन चालू करायचे, मला चार पावले पुढे आणि चार पावले मागे घ्यायचे, मग मऊ फडक्याने पुसायचे. शेजारचा न्हावी मोरिता भिंतीवरून डोकावायचा. "काय सेइकेसान, झाली का पूजा? एकदा तरी देवीला गावातून मिरवा की!" सगळे हसायचे. मालकही हसायचे. मात्र ते कोणतीच गाडी चालवत नव्हते, हे कुणाच्या लक्षात आले नाही. दुकानाची छोटी पांढरी व्हॅन मित्सुएबाई चालवायच्या आणि हे शेजारी बसायचे.

मी चमकत होते, पण आतून खचले होते. मला वाटायचे, त्या दिवसाचा ठपका यांनी माझ्यावर ठेवला आहे. मला ओरडून सांगावेसे वाटे, अहो, मी थांबले होते! पण आमच्यासारख्यांना तोंड नसते. भोंगा असतो, तोही त्यांनी कधी वाजवला नाही.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे फारच दुखू लागले. मात्सुयामाला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, साएकोने, दोघांना आपल्याकडे बोलावून घेतले. तिचे घर पाचव्या मजल्यावर. तिथे मला जागा नव्हती, म्हणून विक्रीची जाहिरात दिली.

पहिला आला तो ओसाकाचा व्यापारी कुवामुरा. विजेरी घेऊन तो माझ्याखाली आडवा झाला आणि बाहेर आला तो ओरडतच. "आजीच्या तोंडावर एक सुरकुती नाही! हिला परदेशात पाठवतो. तिथे एका शेठकडे काचेचं दालन आहे. गार हवा, मंद दिवे, हिला हातसुद्धा लावणार नाही कुणी!" त्याने मोठी किंमत सांगितली. साएको खुश झाली. मला मात्र ते नको होते. कापडाखालून निघून काचेमागे जायचे, एवढाच काय तो फरक.

कुवामुराने कागद पुढे केला. "इथे सही. कधी अपघात झालाय का, तिथे 'नाही' लिहा."

सेइकेसानांची लेखणी तिथेच अडली. "उद्या सांगतो," ते कसेबसे म्हणाले.

"बाबा, अहो अपघात झाला नाही ना कधी? मग लिहा की!" साएको म्हणाली.

"उद्या म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी यावाताहामाहून ओचि काझुमी नावाची बाई आली. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, नखांत काळे वंगण. मच्छीमारांच्या बोटींची इंजिने दुरुस्त करण्याचा तिचा धंदा. तिने माझे कौतुक केले नाही. ती आत बसली, ब्रेक दाबून पाहिला, टायरना नखाने टोचले आणि नाक मुरडले.

"रंग झकास. पण टायर दगड झालेत, नळ्या चिरल्यात. इतकी वर्षं चालवली का नाहीत?"

"जपली," सेइकेसान नेहमीचे उत्तर देऊन मोकळे झाले.

"जपणारा माणूस टायर बदलतो, आजोबा. राग मानू नका, पण तुम्ही हिला घाबरता का हो?"

मित्सुएबाई चहा घेऊन येत होत्या. त्या खो खो हसल्या. "हे आणि घाबरतात? अगं बाई, माझ्यापेक्षा हिचे लाड जास्त झालेत या घरात!"

सेइकेसान हसले नाहीत. पायरीवर बसले. जमिनीकडे बघत त्यांनी सगळे सांगितले. तो रस्ता, ते संत्रे, ती मुलगी. चहा निवून गेला.

"मी काट्याकडे बघत होतो," ते म्हणाले. "रस्त्याकडे नाही. चूक माझी होती. गाडी थांबली. माझ्या हातून पोर जायची, ती या गाडीनं वाचवली. आणि मी हिलाच कोंडून ठेवलं."

मित्रांनो, ते शब्द कानी पडले आणि सत्तेचाळीस वर्षांचा भार माझ्या छातीवरून उतरला. नवे टायर मिळाल्यावरही मला इतके हलके वाटले नाही.

मित्सुएबाईंनी तबक खाली आपटले. "म्हणजे मी बर्फात, पावसात ती डबडी व्हॅन हाकत राहिले, ते यासाठी? आणि मला काय वाटायचं, ठाऊक आहे? यांना माझ्यापेक्षा ही प्यारी! सत्तेचाळीस वर्षं मी एका मोटारीवर जळत होते हो!" असे म्हणता म्हणता त्या रडू लागल्या आणि रडता रडता हसू लागल्या. "एकदा सांगायचं तरी. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"लाज वाटायची," सेइकेसान म्हणाले. "लोक म्हणायचे, किती जपतो. ते ऐकायला बरं वाटायचं."

काझुमीने माझे दार अलगद मिटले. मग म्हणाली, "मी हिला काचेत ठेवणार नाही. रोज नाही, पण दर आठवड्याला चालवीन. ओरखडे पडतील. चालेल?"

"चालेल," सेइकेसान म्हणाले. कुवामुराने सांगितलेल्या किमतीपेक्षा तिने देऊ केलेली रक्कम कमी होती. साएकोने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कुवामुराचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

तीन आठवडे काझुमी येत राहिली. टायर, नळ्या, ब्रेक, सगळे नवे केले. नगरपालिकेतून तात्पुरत्या नंबरपाट्या आणल्या. आत दोनच जागा. पहिल्यांदा कोण बसणार, असे तिने विचारायच्या आतच मित्सुएबाई दार उघडून बसल्याही होत्या.

"तुम्ही नंतर!" त्यांनी नवऱ्याला बजावले. "तुमच्यामुळे खूप वाट पाहिलीय मी."

त्यानंतर सेइकेसान बसले. बंदरापर्यंत ते डोळे मिटून होते. परतताना त्यांनी खिडकीची काच खाली केली.

आता मी यावाताहामाला असते. माझ्या उजव्या दारावर बोटीच्या दोराच्या हुकाचा एक ओरखडा आहे. किलोमीटरचा आकडा बारा हजारांवर गेला आहे. मला विकायचे ठरले तर आता किंमत कमीच येईल, असे लोक म्हणतात. म्हणू देत.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू अशी कापडाखाली असेल. सायकल असेल, पेटी असेल. ती पुसा, तिला तेलपाणी करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिला वापरा. आणि ती वापरायची भीती वाटत असेल, कधी हातून काही चुकले असेल, तर ते घरात कुणाला तरी सांगा. लगेच सांगा. त्या माणसालाही बरे वाटेल आणि त्या बिचाऱ्या वस्तूलाही.